क्लेरिक कोण होणार? जखमा भरणाऱ्या एका पात्राचा इतिहास

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ ज्यांनी कधी ना कधी खेळला आहे, त्यांना एक प्रसंग ओळखीचा असेल. नवी मोहीम सुरू व्हायची असते. टेबलाभोवती चार-पाच जण कोऱ्या पात्रपत्रिका घेऊन बसलेले असतात. एकाला तलवारबहाद्दर व्हायचे असते, दुसऱ्याला मांत्रिक, तिसरीला कुलपे उघडणारी चोरटी. मग कोणीतरी विचारतो, ‘‘क्लेरिक कोण होणार?’’ त्यावर जी शांतता पसरते ती जवळजवळ या खेळाइतकीच जुनी आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा पटाचा खेळ नव्हे; पट असला तर असतो, नसला तरी चालते. एक जण सूत्रधार होतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो एक काल्पनिक जग शब्दांनी उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात आणि बेत फसला की साधला हे फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो, त्याला खेळाच्या भाषेत ‘क्लास’ म्हणतात. क्लेरिक हा त्यांपैकी एक: देवाची भक्ती करणारा, चिलखत घालणारा, आणि सोबत्यांच्या जखमा मंत्राने भरून काढणारा.

आमच्या मंडळात ती शांतता दर वेळी एकच मित्र मोडत असे. ‘‘ठीक आहे, मी होतो,’’ असे तो म्हणायचा आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या तलवारींकडे वळायचो. असे तीन वर्षे चालले. एके दिवशी त्याने शांतपणे सांगितले की यापुढे क्लेरिक नको. कारण विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘तीन वर्षांत माझ्या पात्राला तुम्ही एकच प्रश्न विचारलात. किती मंत्र उरलेत?’’ त्या वेळी आम्हाला काही उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख त्या न सुचलेल्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे. शोध घेताना आमच्या लक्षात असे आले की आमच्या टेबलावर जे घडले ते या खेळाच्या इतिहासातच लिहून ठेवलेले आहे. जखमा भरणाऱ्याची भूमिका कोणी मागितली नव्हती. ती एका वेगळ्याच कामासाठी जन्मली, तिच्यावर शुश्रूषेचे ओझे मागाहून पडले, आणि पुढची पन्नास वर्षे नियम लिहिणारे त्या ओझ्याची भरपाई कशी करावी या विवंचनेत राहिले.

जन्म: पिशाचाचा शत्रू

१९७१ च्या सुमारास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील जुळ्या शहरांत डेव्ह अर्नेसन हा तरुण आपल्या युद्धखेळ खेळणाऱ्या मित्रांना घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाच्या एका काल्पनिक जहागिरीचा खेळ खेळू लागला. त्या मंडळात एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले. सर फँग हे त्याचे नाव. हे रक्तपिपासू पात्र इतके बलाढ्य होत गेले की इतरांना त्याच्यापुढे टिकाव धरणे अवघड झाले. उतारा म्हणून एक धर्मोपदेशक उभा करण्यात आला आणि ती भूमिका माइक कार यांच्याकडे आली. हेच कार पुढे या खेळाच्या पुस्तकांचे संपादक झाले.

या धर्मोपदेशकाचा मूळपुरुष मध्ययुगात शोधण्याचे कारण नाही. तो चित्रपटगृहात सापडतो. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५८ साली काढलेल्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात पीटर कुशिंग यांनी व्हॅन हेल्सिंगची भूमिका केली होती. क्रूस उगारून पिशाचाला मागे हटवणारा तो अभ्यासू, निश्चयी माणूस म्हणजे आपल्या क्लेरिकचे पहिले रूप. तात्पर्य, हा पेशा जन्मला तो मारण्यासाठी, निदान पळवून लावण्यासाठी. जखमा भरणे ही त्याची जन्मखूण नव्हे.

१९७४ च्या जानेवारीत गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा खेळ छापील स्वरूपात आला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गावी गायगॅक्स यांनी भागीदारीत स्थापलेल्या टीएसआर या संस्थेने तो काढला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,००० होत्या. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि त्यांत तीनच पेशे: लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक. या पुस्तिकांतला क्लेरिक आज पाहिला तर नवल वाटते. पहिल्या पातळीवर त्याच्याजवळ एकही मंत्र नाही. सांगाडे आणि चालती प्रेते यांना तो देवाच्या नावाने पिटाळू शकतो, चिलखत घालू शकतो, गदा चालवू शकतो. पण सोबत्याच्या बोटाला लागलेली जखमही त्याला भरता येत नाही. पहिला मंत्र मिळायला १,५०० अनुभवगुण जमवून दुसरी पातळी गाठावी लागते. पातळ्यांना नावेही दिलेली आहेत: ॲकोलाइटपासून सुरुवात, मग खेड्यातला पाद्री, व्हिकार, क्युरेट, बिशप, त्यानंतर एकदम लामा आणि शेवटी पॅट्रिआर्क. एकाच शिडीवर इंग्लंडचे चर्च आणि तिबेट यांना बसवणारी ही यादी पाहिली की हा खेळ किती मोकळेपणाने, मिळेल तिथून उचलून उभा केला गेला हे ध्यानात येते.

क्लेरिकच्या मंत्रांची यादी २६ मंत्रांची आहे, आणि ती लिहिणाऱ्यांनी बायबल समोर ठेवले होते हे उघड दिसते. काठ्यांचे साप करणे, कीटकांची टोळधाड आणणे, पाणी निर्माण करणे, अन्न निर्माण करणे, मृताला उठवणे. आजार, जखमा, विष आणि मृत्यू यांवरचे उपचार म्हणून ज्यांची गणना करता येईल असे मंत्र त्यांत केवळ पाच आहेत. म्हणजे यादीचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. पण या पाचांनीच पुढे उरलेल्या एकवीसांना गिळून टाकले.

जखम म्हणजे काय?

असे का झाले हे समजण्यासाठी ‘हिट पॉइंट्स’ या कल्पनेकडे वळावे लागते. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या युद्धखेळात साधा शिपाई एका घावात मरत असे. शेकडो शिपायांच्या सैन्यात ते चालून जाते. पण जेव्हा खेळाडूच्या हाती एकच शिपाई असतो आणि त्याला तो नाव देतो, तेव्हा एका घावात मरणे त्याला रुचत नाही. अर्नेसन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांनी यावर तोडगा अमेरिकन यादवी युद्धातल्या जहाजांच्या खेळातून आणला. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. ते ठराविक मारा सोसते. तसाच माणूसही ठराविक घाव सोसेल. माणसाला जहाजाचे शरीर मिळाले, आणि जहाज म्हटले की दुरुस्ती आलीच.

ही दुरुस्ती आपोआप व्हावी असे १९७४ च्या नियमांना वाटत नव्हते. विश्रांती घेणाऱ्या जखमी पात्राला दर दोन दिवसांनी एक गुण परत मिळे. तळघरातल्या एका वाईट सकाळीनंतर आठवडाभर, कधी दोन आठवडे, अंथरुणावर पडून राहायचे. अशा जगात किरकोळ जखमा भरणारा मंत्र, जो सहा बाजूंच्या फाशावर एक मिळवून दोन ते सात गुण परत देत असे, तो सोन्याच्या मोलाचा होता. पहिल्या पातळीच्या माणसाजवळ एकूण गुणच तेवढे असत. एका मंत्राने मरणोन्मुख माणूस जवळजवळ धडधाकट होई.

इथे एक बारकावा आहे आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. हा मंत्र पूर्ण व्हायला एक अख्खा ‘टर्न’ लागे, म्हणजे खेळातली दहा मिनिटे. लढाईच्या धुमश्चक्रीत तो उपयोगाचा नव्हता. लढाई संपल्यावर, दार लावून घेऊन, जखमी सोबत्याजवळ बसून तो म्हणायचा होता. मूळ कल्पनेतला उपचार ही अशी निवांतपणे करायची गोष्ट होती. पुढच्या नियमांनी ही दहा मिनिटे हळूहळू काढून घेतली. मंत्र आधी लढाईच्या फेरीत बसला, मग त्या फेरीतल्या उरलेल्या कोपऱ्यात. क्लेरिक रुग्णाशेजारी बसेनासा झाला. तो धावता धावता मंत्र फेकू लागला.

१९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी हिट पॉइंट्सचा खुलासा करताना लिहिले की हे गुण म्हणजे निव्वळ मांस नव्हे, त्यांत कसब आहे, दैव आहे, देवाची कृपा आहे. हा खुलासा तर्काला धरून होता, कारण एखाद्या अनुभवी लढवय्याचे शरीर नवशिक्याच्या शरीरापेक्षा दहापट टणक कसे असेल? पण यातून एक प्रश्न उभा राहिला आणि तो आजही मिटलेला नाही. जर हे गुण म्हणजे दैव आणि उमेद असेल, तर क्लेरिक नक्की भरतो काय? जखम की धीर? या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न जवळपास तीस वर्षांनी झाला. त्याकडे आपण येऊच.

गदेची दंतकथा

मध्यंतरी गदेविषयी. क्लेरिकने धारेचे शस्त्र वापरू नये असा नियम जुन्या आवृत्त्यांत होता, आणि त्याचे समर्थन असे दिले जाई की मध्ययुगीन धर्मगुरूंना रक्त सांडण्यास मनाई होती, म्हणून ते गदा वापरत. पुरावा म्हणून ‘बायो’च्या प्रसिद्ध भरतकामाच्या पटाकडे बोट दाखवले जाते. त्यात १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो हातात सोटा घेऊन घोड्यावर दिसतो. इतिहासाचे अभ्यासक ही समजूत मान्य करत नाहीत. ओडोच्या हातातला सोटा अधिकाराचे चिन्ह असावा असे एक मत आहे, आणि गदेच्या घावाने रक्त सांडत नाही असे म्हणायला गदेचा घाव कधी पाहिलेला नसावा लागतो. रोलाँच्या फ्रेंच वीरगीतातला आर्चबिशप तुर्पँ तर बेधडक भाला आणि तलवार चालवतो.

मग हा नियम टिकला का? आमच्या मते त्याचे उत्तर इतिहासात नाही, खेळाच्या गरजेत आहे. जादूच्या तलवारी लढवय्यासाठी राखून ठेवायच्या होत्या. क्लेरिकला चिलखत दिले, मंत्र दिले, तेव्हा काहीतरी काढून घेणे भाग होते. तरीही दंतकथेचा परिणाम झालाच. आपला हात रक्ताने माखू न देणारा योद्धा अशी त्याची एक प्रतिमा तयार झाली, आणि जो रक्त सांडत नाही त्याने सांडलेले रक्त थांबवावे ही अपेक्षा तिच्या मागोमाग आली.

देव परत येतात

उपचार ही केवळ सोय नव्हे, कथेचा कणा होऊ शकते हे दाखवून दिले ते ‘ड्रॅगनलान्स’ने. १९८४ साली टीएसआरने ही मोहीममालिका सुरू केली आणि त्याच वर्षी मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही कादंबरी आली. क्रिन नावाच्या या जगात एका महाप्रलयानंतर देवांनी पाठ फिरवली आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोणालाही मंत्राने जखम भरता आलेली नाही. जे स्वतःला धर्मगुरू म्हणवतात ते ढोंगी आहेत. अशा काळात गोल्डमून ही मैदानी टोळीची मुलगी निळ्या स्फटिकाचा दंड घेऊन येते, त्या दंडात जखमा भरण्याची शक्ती असते, आणि मिशाकल या आरोग्यदेवतेची ती पहिली खरी उपासिका ठरते.

खेळाडूंच्या दृष्टीने पाहिले तर यातली युक्ती साधी आहे. जी गोष्ट प्रत्येक टेबलावर गृहीत धरली जात होती ती लेखकांनी जगातून काढून टाकली. मग तिची किंमत कळली. तीन पानांमागे एकदा मिळणारा दोन-चार गुणांचा दिलासा इथे युगप्रवर्तक घटना होतो. उपचार दुर्मीळ केल्यावाचून उपचार करणाऱ्याला प्रतिष्ठा मिळत नाही, ही या कादंबरीची शिकवण काहीशी कडवट आहे, पण ती खोटी नाही.

भरपाईची पन्नास वर्षे

आता त्या भरपाईच्या इतिहासाकडे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने पहिला हप्ता दिला: क्लेरिकला पहिल्याच पातळीवर मंत्र मिळाला, आणि शहाणपणाचा गुण चौदा किंवा अधिक असेल तर एकाऐवजी तीन मंत्र. पण मंत्र आधीच निवडून ठेवावे लागत. तिन्ही जागी जखमा भरण्याचा मंत्र नाही ठेवला की सोबती नाराज होत. ठेवला की दिवसभर दुसरे काही करता येत नसे.

टीएसआर १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि २००० साली तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यात एक उदार नियम आला. क्लेरिकने कोणताही मंत्र तयार ठेवावा; गरज पडली तर त्याच्या जागी ऐनवेळी जखमा भरण्याचा मंत्र म्हणता येईल. शिवाय क्लेरिकला इतके बळ दिले गेले की योग्य मंत्र अंगावर घेतलेला क्लेरिक लढवय्यालाही भारी पडू लागला. आणि नेमके इथे विपरीत घडले. ७५० सुवर्णमुद्रांना मिळणारी, पन्नास वेळा चालणारी जखमा भरण्याची कांडी प्रत्येक टोळीच्या पिशवीत आली. उपचार ही खरेदीची वस्तू झाली. चतुर क्लेरिकने लढावे आणि कांडीने नंतर डागडुजी करावी, हे शहाणपण ठरले. लाच दिली गेली होती ती उपचार करण्यासाठी. ती घेऊन क्लेरिक दुसऱ्याच कामाला लागला. त्याला दोष तरी कसा द्यावा?

याच सुमारास संगणकावरच्या खेळांनी ही भूमिका आणखी घट्ट बांधली. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मोठ्या राक्षसांपुढे क्लेरिकांची रांग उभी राहत असे आणि ठरलेल्या अंतराने एकामागून एक जण तोच एक मोठा मंत्र म्हणत असे. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मार खाणारा, मार देणारा आणि जखमा भरणारा ही त्रयी घराघरांत पोहोचवली. ‘हीलर’ हा शब्द आता पेशाचा नव्हे, नोकरीचा वाचक झाला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीवर खेळाडूंनी पुष्कळ टीका केली. तिच्या गुणदोषांची चर्चा हा इथला विषय नव्हे. पण उपचाराच्या बाबतीत तिने जितका मूलगामी विचार केला तितका अन्य कोणत्याही आवृत्तीने केलेला नाही असे आम्हाला वाटते. या आवृत्तीत प्रत्येक पात्राजवळ दिवसाकाठी ठराविक ‘हीलिंग सर्ज’ असतात. एका सर्जने सुमारे पाव बळ परत येते. क्लेरिकचा मंत्र बहुधा नवे बळ ओतत नाही. तो रुग्णाच्या अंगात दडलेले बळ जागे करतो. बरे होण्याची शक्ती रुग्णाचीच, वैद्य निमित्तमात्र, अशी ही मांडणी आहे. ज्याचे सर्ज संपले त्याला बहुतेक मंत्रांचा उपयोग नाही. १९७९ चा तो जुना प्रश्न, जखम की धीर, इथे निकालात निघाला: ‘वॉरलॉर्ड’ हा सेनानी देवाचे नाव न घेता, केवळ हाक देऊन सोबत्याला पायावर उभा करू शकत होता. या आवृत्तीत अशा पेशांना नाव दिले होते ‘लीडर’. ज्याला कोणी विचारत नव्हते त्याला नेता म्हणणे ही भरपाईच होती. आणि उपचाराला लढाईतली मुख्य कृती खर्च होत नसे. जखम भरून झाल्यावर स्वतःची गदाही चालवता येई.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही शेवटची सोय ‘हीलिंग वर्ड’ या मंत्रात ठेवली आणि बाकी मांडणी बदलली. एका रात्रीच्या झोपेने सर्व गुण परत येऊ लागले. १९७४ चा दोन दिवसांना एक गुण आठवावा, म्हणजे चाळीस वर्षांत जखम किती हलकी झाली हे कळेल. १९७९ च्या नियमांत शून्याखाली जाऊन वाचलेल्या पात्राला शुद्धीवर आल्यावर आठवडाभर पडून राहावे लागे. आता पडलेले पात्र एका गुणावर उठते आणि त्याच दमात तलवार चालवते. त्यामुळे सोबती पडण्याआधी त्याला मंत्र देणे हे अपव्ययाचे आणि पडल्यावर देणे शहाणपणाचे ठरले. ही उठबस पाहताना मृत्यूची भीती उरत नाही, अशी तक्रार अनेकांनी केली आणि ती रास्त आहे. २०२४ च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने जखमा भरण्याच्या मुख्य मंत्रांचे फासे दुप्पट केले. आतापर्यंतच्या हप्त्यांतला हा सर्वांत ताजा.

असे पात्र कसे घडवावे

आता कोणी विचारेल की इतिहास पुरे, जखमा भरणारे चांगले पात्र घडवायचे कसे? थोडे गणित करू. २०१४ च्या नियमांनुसार पहिल्या पातळीचा क्लेरिक घ्या, शहाणपणाचा गुण सोळा, म्हणजे तीनची भर. ‘क्युअर वूंड्स’ हा मंत्र सरासरी साडेसात गुण परत देतो. त्याने जीवनाचे क्षेत्र, म्हणजे ‘लाइफ डोमेन’, निवडले असेल तर आणखी तीन: साडेदहा. समोर ओगर नावाचा राक्षस आहे. त्याच्या सोट्याचा एक घाव सरासरी तेरा गुण नेतो. म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत निष्णात नवशिक्याही एका घावाची पूर्ण भरपाई करू शकत नाही. २०२४ च्या नियमांत पहिल्या पातळीवर जीवनक्षेत्र मिळतच नाही, त्यामुळे तो आकडा बारावर थांबतो आणि पारडे तरीही झुकत नाही, मंत्रही दिवसातून दोनदाच.

यावर चतुरांनी एक वाट काढली होती. ‘गुडबेरी’ हा ड्रुइडांचा मंत्र दहा बोरे निर्माण करतो, प्रत्येक बोराने एक गुण मिळतो. जीवनक्षेत्राच्या क्लेरिकने ड्रुइडाची विद्याही घेतली तर प्रत्येक बोरामागे तीनची भर पडून दहा बोरांचे चाळीस गुण होत. नियम लिहिणाऱ्यांनीही हा अर्थ मान्य केला होता. २०२४ च्या शब्दरचनेने ही वाट बंद केली. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. ती बोरे खाऊन बरी झालेली पात्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांपैकी कोणालाही ती बोरे कोणी दिली हे आठवत नसे.

मुद्दा असा की जखमांचा पाठलाग करून हीलर कधी जिंकत नाही. म्हणून जाणकार क्लेरिक आधी चिलखत आणि ढाल यांची व्यवस्था करतो, कारण तो स्वतः पडला तर उठवणारा कोणी नसतो. तो ‘ब्लेस’सारखे मंत्र लढाईच्या सुरुवातीला म्हणतो, म्हणजे शत्रू लवकर पडतो आणि घावच कमी होतात. ‘हीलिंग वर्ड’ तो पडलेल्यासाठी राखतो, कारण तो साठ फुटांवरून, मुख्य कृती न गमावता म्हणता येतो. ‘स्पेअर द डाइंग’ हा मंत्र जवळ ठेवतो. तो कितीही वेळा म्हणता येतो, गुण परत देत नाही, पण मरणाऱ्याचे मरण थांबवतो. पाचव्या पातळीपासून ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा पिशवीत बाळगतो, कारण ‘रिव्हिव्हिफाय’ मंत्राला तो लागतो आणि मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच तो म्हणावा लागतो. थोडक्यात, त्याचे कसब आकड्यांपेक्षा निवडीत असते. कोणाला, केव्हा, आणि कोणाला नाही.

आणि त्याच्या देवाचा विचार व्हावा. जीवनक्षेत्र हे एकमेव उत्तर नव्हे. २०१७ साली आलेल्या ‘झॅनाथर्स गाइड’ने स्मशानाचे क्षेत्र आणले, ‘ग्रेव्ह डोमेन’. या क्लेरिकचा मंत्र शून्यावर पडलेल्यावर सर्वाधिक फळतो. जो मृत्यूच्या उंबरठ्यावर राखण करतो, मृत्यूला शत्रू मानत नाही, पण कोणी वेळेआधी जाऊ नये एवढे पाहतो, असा हा पुजारी. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकी खेळातली शॅडोहार्ट ही क्लेरिक तर अंधाराची देवता शार हिची उपासिका आहे. सोबत्यांच्या जखमा ती भरते, पण तिच्या देवतेला जखमांचे प्रेम आहे. या विसंगतीतच तिची सारी कथा आहे. आमच्या मित्राच्या पात्राला देव होता का? होता. त्याचे नाव पत्रिकेवर लिहिलेले होते. आम्ही ते कधी विचारले नव्हते.

शेवटची गोष्ट

पुढच्या मोहिमेत क्लेरिक आम्ही घेतला आणि मित्राने तलवारबहाद्दर. दुसऱ्या पातळीवर एका घाटात ओगर आडवा आला. दोन सोबती पडले. एक दूर, ओगरच्या पलीकडे. दुसरा, म्हणजे आमचा मित्र, आमच्या पायाशी. पाचव्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे मरणासन्न पात्र दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकते. दहाच्या खाली तीनदा आले की संपले. मित्राचे दोन फासे वाईट पडले होते. आमच्याजवळ एकच मंत्र उरला होता.

आम्ही फार विचार केला असे आम्हाला तेव्हा वाटले. दूरच्या सोबत्याला ‘हीलिंग वर्ड’ दिला, कारण ओगरचा पुढचा सोटा त्याच्यावरच पडणार होता. उरलेल्या कृतीत गदा चालवली. ती लागलीही. मग मित्राने फासा टाकला. सहा आले.

खेळ संपल्यावर, पत्रिका गोळा करताना, तो म्हणाला, ‘‘तुमच्याकडे ‘स्पेअर द डाइंग’ होता. गदेऐवजी खाली वाकून मला हात लावला असता तरी चालले असते. दोघेही वाचलो असतो.’’ आवाजात तक्रार नव्हती. निपचित पडलेल्या पात्राने बोलायचे नाही हा आमच्या टेबलाचा दंडक, तो त्याने पाळला होता. आपले पात्र मरताना पाहत तो गप्प बसला होता, आणि तीन वर्षे असे हिशेब तो दर फेरीला आमच्यासाठी मनातल्या मनात करत आला होता.

त्याने नव्या पात्रासाठी कोरी पत्रिका घेतली. आम्ही त्याला विचारले, त्या जुन्या क्लेरिकचा देव कोण होता? तो बराच वेळ सांगत होता.